पतंगांची भावकी

(जामसर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, ते जेवढे शाळेतले तेवढेच शेतातले होते. त्यांच्या नावाने बोलायचं तर सुरुवात शेतातूनच करावी. भात निसवलं की काही ठिकाणी पांढऱ्या लोंब्या दिसू लागतात. लोंबी ताठ उभी राहते, कारण तिच्यात वजनच नसतं. ओढली की सुटून हातात येते. बुंध्याशी खोड चिरलं तर आत अळी सापडते, नाहीतर तिने पोखरलेली रिकामी नळी. ही पळींज. त्याच्या आधी, आवणीनंतर काही आठवड्यांत मधला पोंगा सुकतो तो गाभेमर. वरकस जमिनीवर नागलीचं ताटही असंच मधून वाळतं. या सगळ्याला आपण एकच नाव देतो, खोडकिडा. कणसरी देवीच्या धान्यावर टपलेला हा एकच चोर, असा आपला समज असतो.

चोर दोन आहेत. एक पिवळा खोडकिडा, शास्त्रीय नाव सिर्पोफॅगा इन्सर्टुलस. त्याची मादी वाळल्या पेंढ्याच्या रंगाची, आणि पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. दुसरा गुलाबी खोडकिडा, सेसामिया इन्फेरेन्स. त्याचा पतंग मातकट, अंगाने जाडसर, केसाळ. अळीला गुलाबी झाक. पिवळा भातावरच जगतो. गुलाबी भातावर येतो, नागलीवर येतो, मका, ऊस, गहू काहीही त्याला चालतं. दोघांच्या अळ्या खोडात शिरतात आणि दोघांमुळे लोंबी पोचट राहते. नुकसान पाहून कुणीही म्हणेल की हे सख्खे भाऊ असणार.

यांची भावकी मात्र फार लांबची आहे. पिवळा क्रॅम्बिडी कुळातला, गुलाबी नॉक्ट्युइडी कुळातला. ही दोन कुळं ज्या फांद्यांवर आहेत, त्या फांद्या डायनोसॉर जमिनीवर वावरत होते तेव्हाच एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. पिवळ्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे भाताचं पान गुंडाळून आत बसणारी अळी आणि सागाच्या पानाची नुसती जाळी शिल्लक ठेवणारी अळी. गुलाबीची भावकी लष्करी अळीशी. खोड पोखरायची रीत दोन्ही घराण्यांनी आपापली धरली. खोडाच्या आत खायलाही मिळतं आणि पाखरांच्या चोचीपासून आसराही मिळतो; अशा जागी एकाहून अधिक घराणी पोचली, तर त्यात नवल नाही.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय, हे इथे बसलेल्या बायका आधी विचारतील, कारण रोपं खणायला आणि आवणीला त्याच असतात. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि तो आपल्या केसांनी झाकते. म्हणून आवणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करा असा सल्ला कृषी खातं देतं, आणि तो बरोबर आहे. गुलाबीची मादी अंडी घालते ती पानाचा खालचा भाग खोडाला जिथे वेढून असतो त्या फटीत, रांगेने, उघडी. तिथे शेंडा खुडून काही हाती लागत नाही. गंधसापळ्याचंही तसंच. नराला बोलावणारा मादीचा गंध दोघींचा वेगवेगळा. सापळ्यात एकीच्या गंधाची गोळी लावली तर दुसरीचा नर फिरकत नाही. सापळा रिकामा दिसला म्हणून शेतकरी निर्धास्त होतो आणि नागली आतून पोखरली जात राहते. कोण कोणाचा हे कळलं की कुठे बघायचं ते कळतं.

आता ही भावकी ठरवली कशी? डीएनएच्या आधीही अभ्यासकांनी बरंच ओळखलं होतं, आणि त्यातली एक खूण मला फार आवडते. वटवाघूळ अंधारात किंचाळत शिकार शोधतं. ते किंचाळणं आपल्याला ऐकू येत नाही, पण बऱ्याच पतंगांना येतं; ऐकू आलं की ते पंख मिटून खाली पडतात किंवा वेड्यावाकड्या घिरट्या घेतात. क्रॅम्बिडींचे कान पोटाच्या सुरुवातीला, खालच्या बाजूला असतात. नॉक्ट्युइडींचे कान छातीच्या मागच्या भागात, मागच्या पंखांच्या बुडाजवळ. म्हणजे एकाच चुडातून उडालेले दोन पतंग एकाच वटवाघळाचा आवाज शरीराच्या दोन वेगळ्या भागांनी ऐकतात. एका आजोबांपासून आलेला कान असा जागा बदलत नाही. तो दोन वेळा, दोन घराण्यांत, नव्याने घडला.

पण प्रत्येक फांदीवर इतकी ठळक खूण मिळत नाही. जगात फुलपाखरं आणि पतंग मिळून सुमारे १,६०,००० जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. त्यात फुलपाखरं अठरा-एकोणीस हजारांच्या घरात. बाकी सगळे पतंग. रंगावरून आणि पंखांवरच्या रेषांवरून त्यांची नाती लावताना पुन्हा पुन्हा घोटाळे झाले, कारण वाळक्या पानासारखं दिसणं ज्याला ज्याला फायद्याचं, तो तो वाळक्या पानासारखा होत गेला.

डीएनएवरून नातं कसं वाचतात ते सांगतो. त्यासाठी आधी पोथ्यांकडे पाहू. १५८४ साली एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकला करता करता पोथ्यांत पाठभेद शिरले होते. एकच चूक दोन पोथ्यांत एकाच ओवीत दिसली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या नकलेवरून उतरल्या असणार, हा तर्क पोथ्यांच्या अभ्यासात फार मोलाचा असतो. डीएनए हीसुद्धा चार अक्षरांत लिहिलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाणारी पोथी आहे. उतरवताना क्वचित एखादं अक्षर बदलतं, आणि तो बदल पुढच्या सगळ्या वंशजांत जातो. दोन पतंगांत सामाईक असलेले असे बदल शोधायचे, आणि कमीत कमी ओढाताण करून सगळे बदल ज्यात बसतील असा वंशवृक्ष मांडायचा.

मांडणं वाटतं तेवढं सोपं नाही. फक्त दहा जाती घेतल्या तरी त्यांचे वेगवेगळे वंशवृक्ष ३ कोटी ४४ लाखांहून अधिक होतात. म्हणून संगणक लागतो, आणि कुठलं अक्षर कशात किती सहज बदलतं याचं गणित लागतं. शेवटी प्रत्येक फांदीपाशी तिच्यावर किती भरवसा ठेवावा याचा आकडा लिहिला जातो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, झाड पाहण्याआधी हे आकडे पाहा. ज्या फांदीचा आकडा दुबळा, तिच्यावर बसून मोठमोठे निष्कर्ष काढू नयेत.

२००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात पॉल हेबर्ट यांनी सुचवलं की प्रत्येक प्राण्याच्या एकाच जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाचला तर जात ओळखता येईल. सीओआय हे ते जनुक. त्याचा जो तुकडा पुढे प्रमाण म्हणून ठरला तो सुमारे ६५८ अक्षरांचा, आणि त्याला नाव पडलं डीएनए बारकोड. हेबर्ट यांनी ही कल्पना पारखली ती पतंगांवरच, एकमेकांशी जवळच्या २०० जाती घेऊन. त्यासाठी अख्खा पतंग चिरावा लागत नाही, सहांपैकी एक पाय पुरतो. संग्रहालयात शंभर वर्षांहून अधिक काळ टाचणीला टोचून ठेवलेल्या पतंगाच्या पायातूनही, तुकड्या-तुकड्यांत का होईना, डीएनए मिळाला आहे.

इथे मात्र सावध राहायला हवं. सीओआय हे जनुक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात असतं आणि ते सहसा आईकडूनच मुलांना मिळतं. म्हणजे त्यावरून जी वंशावळ निघते ती आईच्या बाजूची. बापाकडची गोष्ट तिच्यात नाही.

अमेरिकन लष्करी अळीचं उदाहरण घ्या. स्पोडॉप्टेरा फ्रुजिपेर्डा. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. हिचे अमेरिकेत दोन वाण मानतात, एक भाताकडे झुकणारा, एक मक्याकडे. भारतातल्या नमुन्यांचं सीओआय वाचल्यावर बहुतेक ठिकाणी भाताचा वाण निघाला. भातपट्ट्यात ही बातमी काळजाचा ठोका चुकवणारी होती. पण शेतात पाहावं तर अळी मक्यावर. मग टीपीआय नावाचं दुसरं जनुक पाहिलं. हे पेशीकेंद्रातल्या झेड गुणसूत्रावर असतं. त्याने मक्याचा वाण दाखवला. आई एका वाणाची, बाप दुसऱ्या वाणाचा, असा जुना संकर झाला होता. भारतातल्या अळ्यांचं आफ्रिकेतल्या अळ्यांशी जवळचं नातं आहे हेही जनुकांवरूनच दिसलं. नुसत्या एका जनुकावर विसंबून कुणी भातासाठी फवारणीचा सल्ला दिला असता, तर खर्च आणि विष दोन्ही तुमच्या माथी आले असते.

याहून चकित करणारी गोष्ट हैदराबादला सापडली. तिथे सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स या संस्थेत जे. नागराजू हे रेशीम पतंगांच्या जनुकांचा अभ्यास करत. भारतातला फार मोठ्या ताकदीचा हा संशोधक २०१२ च्या अखेरीस अकाली गेला. त्यांच्या गटाने २००६ साली रेशीम पतंगांचा रेणवीय वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यात दोन निष्कर्ष होते. पहिला, तुतीवरचा पाळीव रेशीमकिडा चीनमधल्या रानटी बॉम्बिक्स मॅन्डारिना या पतंगापासून आला. दुसरा अँथेरिया प्रॉयली या पतंगाविषयी. चिनी अँथेरिया पेर्नी आणि हिमालयातला अँथेरिया रॉयली यांच्या संकरातून तो भारतात तयार केला गेला. त्याचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला तर तो बापाकडचा निघाला. पाठ्यपुस्तकातल्या नियमाला धक्का देणारा हा अपवाद एका पतंगाने दाखवला आणि तो आपल्या देशातल्या प्रयोगशाळेत टिपला गेला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे २००९ मध्ये २९ पाळीव आणि ११ रानटी रेशीमकिड्यांचे संपूर्ण जीनोम वाचून चिनी संशोधकांनी पहिल्या निष्कर्षाला भरभक्कम पाठबळ दिलं.

ऐनाचं झाड इथे कुणाला दाखवावं लागत नाही. त्या ऐनावर आणि अर्जुनावर टसरचा पतंग वाढतो, अँथेरिया मायलिट्टा, प्रॉयलीच्याच कुळीतला. आपल्या राज्यात गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत ढीवर समाजाने ही कोसा-शेती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. या एकाच जातीचे देशभरात चाळीसहून अधिक स्थानिक वाण सांगितले जातात. भंडारा हे नाव त्यांतल्या एका वाणालाच मिळालं आहे. कोशाचा आकार, रंग, वर्षातून किती पिढ्या होतात, सगळं बदलतं. यातले कुठले वाण खरोखर वेगळ्या वंशाचे आणि कुठले नुसते वेगळ्या हवामानात वाढलेले, हा प्रश्न जनुकांनीच सुटणार. बाहेरचं बियाणं आणून सरसकट वाटलं तर स्थानिक वाण मिसळून जातो, आणि एकदा मिसळला की पुन्हा वेगळा काढता येत नाही.

रेशमाशी आपली ओळखही फार जुनी आहे. नेवाशाला डॉ. हसमुख सांकळियांनी १९५४ पासून उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. माळेच्या दोऱ्यात रेशीम असल्याचं ए. एन. गुलाटी यांनी १९६१ मध्ये नोंदवलं. हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या धाग्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते धागे अँथेरिया गटातल्या रानरेशमाचे निघाले, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. तुतीचा किडा आपल्याकडे येण्याआधी आपल्या रानातल्या पतंगाचं रेशीम माणसाच्या अंगावर होतं. आदिवासी भागातल्या मुलांना इतिहास शिकवताना ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे, असं मला फार वाटतं.

आता जरा मोठं झाड पाहू. २०१९ मध्ये अकितो कावाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६ जातींची २,०९८ जनुकं एकत्र ठेवून पतंग-फुलपाखरांचा वंशवृक्ष मांडला. हा वंश सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. फुलपाखरं हे वेगळं घराणं नसून पतंगांच्याच झाडावरची, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दिवसा उडू लागलेली एक फांदी आहे. आणि कान? ते निदान नऊ वेळा स्वतंत्रपणे घडले, त्यातले काही तर वटवाघळं जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. आपण इतकी वर्षं सांगत आलो की वटवाघळामुळे पतंगाला कान फुटले. निदान या घराण्यांत वंशवृक्षाने क्रम उलटा दाखवला. कान आधी दुसऱ्या कुठल्या आवाजांसाठी असावेत, वटवाघळं आली तेव्हा ते कामी आले. जीवाश्मांनीही असाच एक धक्का दिला आहे. जर्मनीत सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात पतंगांच्या पंखांवरचे खवले मिळाले. सोंड असलेल्या पतंगांचेही खवले त्यात होते, आणि फुलझाडांचे जीवाश्म त्याच्या फार नंतरचे; म्हणजे सोंड फुलांच्या आधीची असावी.

एवढ्या जनुकांची गरज का, तेही यातून कळतं. एक जनुक चकवतं, दोन हजार जनुकं सहसा एकदम चकवत नाहीत. टसरचा पतंग, तुतीचा रेशीमकिडा आणि संध्याकाळी फुलापुढे जागच्या जागी फडफडत मध पिणारे हॉक मॉथ, यांची कुळं एकमेकांच्या अगदी जवळची आहेत. टसरच्या पतंगाला कामचलाऊ तोंडही नसतं, तो न खाता जगतो आणि अंडी घालून मरतो. हॉक मॉथची सोंड कधी कधी अंगाहून लांब. नुसतं पाहून हे नातं कुणी पटकन कबूल केलं नसतं.

आपल्या भागात या अभ्यासाची सुरुवात जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यात कर्नल चार्ल्स स्विन्हो होते, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते.  स्विन्होंनी १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवर लेखन प्रसिद्ध केलं. पुढे जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात ब्रिटिश भारतातल्या पतंगांचे चार खंड लिहिले. आजही त्यांच्यावाचून पान हलत नाही. अलीकडे डॉ. व्ही. शुभलक्ष्मी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या पतंगांची यादी दिली, गुरुळे आणि निकम यांनी २०१३ मध्ये उत्तर महाराष्ट्रातल्या २४५ जाती नोंदवल्या.

जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचताना मला एक गोष्ट नेहमी टोचते. ‘बॉम्बे’, ‘पूना’, कधी नुसतं ‘इंडिया’. पतंग कुठल्या रानातून आला, कुठल्या झाडावर होता, कुणी पकडून दिला, काही नाही. पाय काढून डीएनए वाचला तरी ती अक्षरं जमिनीवर कुठे ठेवायची हे कळत नाही. जागा कळणं का महत्त्वाचं, ते ॲटलस पतंगावरून पाहा. पावसाळ्यात त्याचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि सगळीकडे एकच नाव छापून येतं. हिमालयात आणि ईशान्येला आहे तो ॲटॅकस ॲटलस. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला ॲटॅकस टॅप्रोबॅनिस वेगळी जात आहे, जरी तिला पूर्वी ॲटलसचाच एक प्रकार मानत. पालघर, नाशिक, डांगचं रान म्हणजे सह्याद्रीचं उत्तरेकडचं टोक. दक्षिणेकडची घराणी इथवर कुठपर्यंत आली, मध्य भारताची कुठून सुरू झाली, ही हद्द इथल्याच नमुन्यांनी आखता येईल. पुण्यात किंवा मुंबईत बसून ती आखता येणार नाही.

म्हणून माझी जामसरकरांना मागणी आहे, आणि ती मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत, अमावस्येच्या आसपासच्या रात्री, शाळेच्या पडवीत पांढरी चादर आणि दिवा लावा. आलेल्या प्रत्येक पतंगाचा फोटो घ्या, पट्टी शेजारी ठेवून. शेतातल्या अळ्या मारण्याऐवजी काही बरणीत त्याच झाडाच्या पाल्यावर वाढवा आणि कुठला पतंग निघतो ते पाहा. कुठली अळी कुठल्या झाडावर जगते हे ज्ञान तुमच्या म्हाताऱ्या माणसांकडे आमच्या ग्रंथांपेक्षा जास्त आहे. त्यांनी दिलेलं वारली, कोकणा, कातकरी नाव जसंच्या तसं लिहा.

नमुने घ्यायचे ठरले तर आधी ग्रामसभेत बोला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी गावागावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. पतंगांची पानं त्या नोंदवहीत पडली पाहिजेत. रानातून काही उचलायचं तर वनखात्याचीही परवानगी लागते. बाहेरून संशोधक आला तर त्याला विचारा, नमुना कुठे राहणार? पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे ठेवता येतो. आणि निष्कर्ष मराठीत गावाला परत कधी देणार, हे लिहून घ्या. हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

शेवटचं, कामाचं. एका पतंगाचा एक पाय चिमट्याने काढून छोट्या कुपीत, ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवायचा. पतंग वाळवून पेटीत. दोन्हीकडे एकच क्रमांक. चिठ्ठीवर गाव, पाडा, तारीख, शेत की रान, झाडाचं किंवा पिकाचं नाव, आणि पकडणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव. पहिल्या वर्षी फक्त दोनच गोष्टी गोळा झाल्या तरी चालेल: भाताच्या खोडातली अळी आणि नागलीच्या खोडातली अळी, वेगवेगळ्या कुप्यांत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते.